दगूबाईचं पाणी आणि परतीची वाट

निरोप जातो कसा, याची चौकशी सगळे करतात. तो परत कुठल्या वाटेने येतो, हे विचारण्याची पद्धत नाही. शासनाचा कारभार याच तत्त्वावर सुरळीत चालतो.

१९५८ साली शहादे तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या गावच्या पोस्टात टेलिफोन आला. दोनशे बारा खांब आणि त्यांवरून एक तार. विजेला गेल्या वाटेने नाही, तर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने घरी परतावंच लागतं, हा निसर्गाचा नियम खात्याला माहीत होता. पण दुसऱ्या तारेचा खर्च वाचवून खात्याने परतीचं काम जमिनीवर सोपवलं. जमिनीने पगार मागितला नाही. तिची अट एकच होती : ओल हवी.

म्हणून पोस्टामागे खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, त्यात फोनला जोडलेला तांब्याचा पत्रा पुरला होता. त्यावर रोज चार घागरी पाणी ओतण्यासाठी दगूबाईची नेमणूक झाली. (हुद्दा : अंशकालीन जलसेविका. गणवेश : नाही. घागर : स्वतःची.) दोन वर्षं केळीच्या वॅगनींच्या वेळा, सोयरिकी आणि भांडणं स्वच्छ ऐकू येत होती.

मग मार्चमध्ये एक साहेब तपासणीला आले. मोकळ्या मातीवर पाणी ओतणारी बाई पाहून ते थांबले.

"बाई, इथे काय लावलं आहे?"

"काहीच नई लावेल, साहेब."

"मग पाणी कोणाला घालता?"

"फोनले. त्याले तहान लागस. उन्हायामा जास्तीच."

साहेबांनी तिचं नाव विचारून लिहून घेतलं. अहवालात नोंद झाली : 'अस्तित्वात नसलेल्या झाडास पाणी घालण्याकामी एक मनुष्यबळ खर्ची पडत आहे.' एक एप्रिलपासून जागा रद्द झाली. पोस्टमास्तर रूपचंदभाऊंनी खड्ड्याविषयी दोन पत्रं लिहिली. पत्रं तारेने जात नसल्यामुळे ती व्यवस्थित पोहोचली आणि व्यवस्थित फाईलला लागली.

एप्रिल संपता संपता फोनमधून फक्त खरखर येऊ लागली. वर कळवताच त्याच साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. तिने खांब दोनदा मोजले. दुसऱ्यांदा दोनशे अकरा भरल्यामुळे त्याची स्वतंत्र चौकशी लागली. तारेवर सतरा कावळे आणि एक घार आढळली. (घारीबाबत अभिप्राय राखून ठेवला आहे.) सर्व खांबांना चंदेरी रंग देण्यात आला. ग्राहकांनी मोठ्याने बोलावं, अशी सूचना लागली. लोक इतक्या मोठ्याने बोलू लागले की शेजारच्या गावाला टेलिफोनची गरज उरली नाही. तारेतून गेलेल्या विजेला परत यायचं असतं, हे मात्र समितीच्या कार्यकक्षेत नव्हतं.

याच दिवसांत दगूबाईची मुलगी काली बाळंतपणासाठी चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. दिवस अवघड होते. पोर आडवं होतं, डॉक्टरीणबाई फोनवर कळवणार होत्या. दगूबाई तीन दिवस पोस्टाच्या ओट्यावर बसून होती.

चौथ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. रूपचंदभाऊंनी फोन कानाला लावला. "चिंचपाडा..." एवढंच आलं आणि पुढे खरखर.

"काय म्हनतंस, भाऊ?"

"काही समजत नई, दगूमाय!"

दगूबाई उठली, ओट्यावरची पोस्टाची पिण्याच्या पाण्याची घागर उचलली आणि मागे जाऊन खड्ड्यावर उपडी केली. मग समितीबरोबर मुक्कामी असलेल्या साहेबांसाठी आणलेला माठही.

"ऊनं! आवाज ऊना!" खरखर थांबून आवाज येताच रूपचंदभाऊ ओरडले. "पळ, माय, पळ!"

तिने ओल्या हातांनी फोन धरला. मुलगा की मुलगी, हे तिने विचारलं नाही.

"मन्ही काली कशी शे?"

पलीकडून स्वच्छ आवाज आला, "दोघी ठीक आहेत."

दगूबाईने फोन खाली ठेवला आणि रिकामी घागर ओट्यावर परत नेऊन ठेवली. साहेब तहानलेले उभे होते. त्यांनी अहवाल पूर्ण केला : 'सेवेत नसलेल्या महिलेने सरकारी पाणी सांडले, ताकीद द्यावी. त्याच सुमारास फोन सुरू झाला, यावरून चंदेरी रंगाचा गुण येऊ लागल्याचे दिसते.'

रूपचंदभाऊंना मात्र आता खात्याची भाषा कळली होती. जुलैत वनमहोत्सव आला. त्यांनी बरोबर खड्ड्यावर साहेबांच्याच हस्ते कडुलिंबाचं रोप लावलं आणि त्याला पाणी घालायला माणूस मागितला. आठवड्यात मंजुरी आली. दगूबाई वृक्षसंवर्धन सेविका झाली. मिठामुळे रोप पंधरा दिवसांत वाळलं, पण कागदोपत्री ते आज साडेचार फूट आहे. दगूबाई त्या काटकीला रोज चार घागरी घालते. फोन स्वच्छ ऐकू येतो.

तुम्हाला साहेबांचं हसू आलं असेल. तुमच्या घरी वीज आली असेल, तर मीटरखालून एक तार जमिनीत उतरते; वाट चुकलेल्या विजेला परतायला तीच. ती कुठे उतरते, ते एकदा पाहून या. तिथे ओल आहे का?

नसेल. तिथे गुळगुळीत फरशी आहे. गेल्या दिवाळीला तुम्हीच घालून घेतलीत. आणि साहेबांनी निदान नाव तरी विचारलं होतं. तुमच्या घरी पाणी भरणाऱ्या बाईचं नाव काय?