गोदाआत्याची पलेट

दिवेलागणीला आमच्या आळीतल्या बायका एकमेकींना 'जेवलीस का गं?' विचारत. आमची गोदाआत्या पडवीतून ओरडे, "हौसे, पलेट घातली का?" तिच्या स्वतःच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता.

हौसा माझी धाकटी बहीण. तिचे दात ओठाबाहेर यायचे. आत्या तेव्हा पुण्यात एका दातांच्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाला होती. त्यांच्यामागे भुणभुण लावून तिनं हौसाच्या दातांना तारा बसवून घेतल्या आणि दात सरळ रांगेत आले. तारा काढल्यावर डॉक्टरांनी टाळूला बसणारी प्लेट दिली आणि बजावलं, दात पुन्हा जुन्या जागी जाऊ बघतील, ही रोज रात्री घालायची. झालं! आत्या काम सोडून आमच्या गावी, रिह्याला आली, ती दातांची राखण करायलाच.

"भाताचं रोप लावलं म्हंजी झालं व्हय? मूळ धरंस्तवर राखाय लागतंय," ती म्हणे.

दिवसा प्लेट पाण्याच्या तांब्यात राही. एकदा तलाठी आले आणि तोच तांब्या उचलून वरून पाणी प्यायला लागले. प्लेट थेट त्यांच्या तोंडात! आत्यानं पाठीत धपका घातला. "गिळू नका भाऊसाहेब, तुमच्या मापाची न्हाई ती!"

मग भुकूमचे पाहुणे हौसाला बघायला आले. स्थळ नाव ठेवायला जागा नाही असं. प्लेटचं नाव काढायचं नाही, अशी आईनं आत्याला शपथच घातली होती. हौसा गोड हसली, पाहुणे खूष झाले. आता सुपारी फुटणार, एवढ्यात आत्यानं पानाच्या तबकात प्लेट आणून ठेवली.

"पोरीचं दात फुडं हुतं, बसवून घेतल्यात. रातीला ही घालाय लागती. न्हाई घातली तर पुन्यांदा फुडं येत्याल. पसंत असंल तर फोडा सुपारी."

"वन्सं, आत्ताच सांगायचं अडलं हुतं का?" आईनं कपाळावर हात मारला. मला तर आत्याचा असा राग आला!

आत्या मुलाच्या आईकडंच बघत होती. "माझं बी दात आसंच हुतं, बाई. बघाय आलं तवा मला तोंड मिटून बसवली. लगीन लागलं, मी हसले, न् त्यांनी मला माघारी धाडली."

आत्याला नवऱ्यानं टाकलंय हे ठाऊक होतं. का, ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठं गेला.

मुलाच्या आईनं प्लेट उचलून निरखून पाहिली. "रातीला म्हंजी, जेवायच्या आधी का मागनं?"

"मागनं. चूळ भरून," आत्या म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.