चार काट्यांवरची गाडी

"हलू नका म्हणून सांगितलं नव्हं, आप्पा?" गाडीखालून स्वरूप ओरडला.

"नाकावर माशी बसलीया. तिला कोण सांगणार?" ड्रायव्हरच्या जागेवरून मारुतीराव त्याहून मोठ्यानं ओरडले.

उचगावात मारुतीरावांची रताळ्यांची वखार होती. तिथले चारही वजनकाटे त्यांच्या मुलानं आपल्या गाडीच्या चार चाकांखाली सरकवले होते. उद्या निपाणीजवळच्या माळावर गाड्यांची शर्यत, आणि स्वरूपची जुनी गाडी डावीकडं वळताना मागून घसरायची. पुढचं डावं आणि मागचं उजवं या दोन चाकांवर मिळून जेवढा भार, तेवढाच उरलेल्या दोन चाकांवर हवा, असं त्याचं म्हणणं. तो भार स्प्रिंगा कमी-जास्त आवळून जुळवायचा, आणि त्या वेळी चालकाच्या जागी चालकाएवढंच वजन बसलेलं पाहिजे. बापलेकांचं वजन सारखं भरत होतं. म्हणून मारुतीराव सकाळपासून अडकले होते.

दारात टेंपोत पोत्यांवर बसून मष्णू आणि आणखी चार शेतकरी वाट बघत होते.

"मारुतीराव, रताळी कवा घेतासा? का अंडी उबवून झाल्यावर?" मष्णूनं विचारलं.

"गप रं! माझंच डोस्कं फिरलंय!"

एकदा आकडे जुळले होते. स्वरूपनं गाडी फिरवून आणली, तर ती पुन्हा घसरली. चिडून त्यानं काटे घाईघाईनं परत मांडले, आणि आता भलत्याच चाकावर आठ किलो कमी.

"आप्पा, तुमी कललासा!"

"मी? उतरून तुलाच कलवतो बघ!"

दात खात स्वरूपनं काट्यांची अदलाबदल केली. आठ किलोंची तूट तीन नंबरच्या काट्याबरोबर दुसऱ्या चाकाखाली गेली. मग त्या काट्याच्या आकड्यात आठ मिळवून त्यानं चारही स्प्रिंगा नव्यानं आवळल्या आणि ग्रीसनं माखलेल्या तोंडानं गाडीखालून बाहेर येऊन सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं सांगितलं, "घावलं, आप्पा! तुमचा तीन नंबरचा काटा आठ किलो कमी दावतोय!"

टेंपोतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मष्णू खाली उतरला.

"मारुतीराव, आमची पोती कंच्या काट्यावर घालतासा?"

"बघून सांगतो."

"बघायचं काय त्यात? तीन नंबरच्याच! धा वर्सं झाली!"

उरलेले चौघंही उतरले.

"अरं, मला तरी कुठं ठावं हुतं!" म्हणत मारुतीरावांनी काच वर घेतली आणि किल्ली फिरवली.

काटे खडखडले, चाकांखालच्या फळ्या उडाल्या, गाडी मागच्या फाटकातून सुसाट सुटली. शिव्या देत टेंपो मागं लागला. स्वरूप हातातल्या पान्यासकट कुंपणापर्यंत धावला. पुढं रस्त्याला डावीकडं काटकोनात वळण होतं आणि मारुतीराव ब्रेक लावायच्या मनःस्थितीत नव्हते.

गाडी कलली नाही, घसरली नाही. रस्त्याला चिकटल्यासारखी वळून गेली. मागच्या टेंपोतनं मात्र दोन पोती खाली पडली.

स्वरूपचा सकाळपासूनचा राग कुठल्या कुठं गेला. दोन्ही हात तोंडाशी धरून तो जीव तोडून ओरडला,

"आप्पा, आता एकदा उजवीकडं घ्या!"