डब्याला धक्का नाही

"भाई, माल एकच हाय," क्रांती चौकातल्या संगणकाच्या दुकानदाराने पुन्हा समजावले. "हा डब्यातला, रिटेल. तीन साल वॉरंटी. हा ओईएम, कंपन्यांना जातो तो, सुटा, पिशवीतला. सस्ता. पण याची वॉरंटी आमच्या पायरीपर्यंत."

बिभीषणचा जीव टांगणीला लागला होता. तो कामाला होता ती चिकलठाण्यातली कंपनी पाण्याअभावी बंद पडली होती आणि उद्या दसऱ्याला हर्सूलमध्ये ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे दुकान उघडायचे होते. फक्त प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, राहिला होता. "डबा काय चाटायचाय?" म्हणत त्याने पिशवीतला घेतला. शहाणपणाच्या अशा झटक्यांनीच माणसाचे वाटोळे होते.

घरी खंडेनवमीची तयारी चालली होती. आई राजाबाई कोयता, कुऱ्हाड, मेंढ्यांची लोकर कातरायची कातर पूजेला काढत होती. बिभीषणने प्रोसेसरही तिच्या हाती दिला. पोटाचे हत्यार ते, पुजायलाच हवे. तो झेंडू घेऊन परतला तेव्हा प्रोसेसर कातरीशेजारी लखलखत होता.

"टँकर आला नाय, म्हणून समदी हत्यारं राखेनं घासली," राजाबाई म्हणाली. "ह्याच्या पाठीला लई कुसळं हुती बघ. मोडून काढली. आता हाताला टोचत नाय."

ती कुसळे म्हणजे प्रोसेसरच्या पिना होत्या. बिभीषणने तो उचलून तसाच क्रांती चौक गाठला.

दुकानदाराने तर लांबूनच हात जोडले. "राख चोळलेला माल? डबा असता तरी कोण वापस घेणार, भाई?"

शेवटी दुकानाच्या पाटीसाठी राखून ठेवलेले पैसे मोडून बिभीषणने दुसरा प्रोसेसर आणला, या खेपेला डब्यातला. राजाबाई दारातच उभी होती.

"माझ्या हातनं काय बिघडलं का रं?"

तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याला खरे सांगवेना.

"नाय गं आई. त्याला डबा नव्हता, म्हणून घोळ झाला. आता डबा हाय. फकस्त डबा जप. डब्याला धक्का लागला तर मी मेलोच समज."

"व्हय," ती गंभीरपणे म्हणाली. बिभीषण शेजारून पेचकस आणायला गेला.

तो आला तेव्हा डबा पाटावर विराजमान होता. हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचा हार, कोपरा न् कोपरा शाबूत. बिभीषणचे डोळे भरून आले. मग त्याला पाटाशेजारी राख सांडलेली दिसली.

"ह्याचीबी कुसळं काढली," राजाबाई समाधानाने म्हणाली. "पण डब्याला नखभर धक्का लावला नाय बघ. खालनं हळूच उघडला."

आता ना संगणक होता, ना पाटी, ना पुन्हा क्रांती चौकात जायला तोंड.

"बरं केलंस, आई," तो कसाबसा म्हणाला.

"डबा लई झ्याक हाय रं," राजाबाई म्हणाली. "रिकामाच हाय, तर सुईदोऱ्याला मला दे."

बिभीषणने डबा तिच्याकडे सरकवला.