वहिनीच्या बाजूचं दार

आधीच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख रस्त्यात भेटल्यावर मान हलवण्यापुरतीच. भारी शब्दही मला येत नाहीत. पण दादाची ही हकीकत घरात कुणी पुन्हा काढायला तयार नाही, आणि जो तो ती आपापल्या सोयीने विसरायला लागलाय. म्हणून म्हटलं, साध्या शब्दांत का होईना, लिहून टाकावी. लिहिण्यातल्या चुका माझ्या. हकीकतीतल्या चुका दादाच्या.

दादा पंखे आणि मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात आहे. तक्रार सोडवणं हे त्याचं काम नाही, ती बंद करणं हे त्याचं काम. दोन्हीत फरक आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, आणि कळतं तेव्हा फोन ठेवून झालेला असतो. पंखा कुरकुरतो असं कुणी म्हणालं की दादा अगदी मायेने विचारतो, “किती दिवस झाले घेऊन?” पंखा नवा असला तर “अजून बसायचाय.” जुना असला तर “वय झालं आता त्याचं.” मधल्या वयाचा असला तर “हे नॉर्मल आहे.” माणूस तावातावाने फोन लावतो आणि आभार मानून ठेवतो. (असे आभार दादाला घरी कधी मिळाले नाहीत. वहिनीला तिन्ही उत्तरं पाठ आहेत.)

आता वहिनीला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. पेट्रोल-डिझेलचा वास नाकात गेला की पहिल्या वळणाच्या आत तिचा चेहरा पांढरा पडतो, आणि पुढचा सगळा प्रवास ती पिशवीत तोंड घालून करते. आणि तिचे वडील कोण, तर निवृत्त बस कंडक्टर! सगळा जन्म ज्यांनी “चला, पुढे सरका” म्हणत जगाला गाडीत कोंबलं, त्यांच्या पोटी ही मुलगी. लग्न होऊन ती या गावात आली ती ओकतच. मग माहेरी जाणं वर्षातून एकदा झालं, मग दोन वर्षांतून एकदा, आणि शेवटी नुसतं फोनवर आलं.

गेल्या वर्षी कंडक्टरबाबा न्हाणीघरात घसरून पडले. घरात एकटेच. दूधवाला येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर बसून होते. तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. दादाने फोन केला.

“बाबा, आता इकडेच राहायला या. मी गाडी पाठवतो.”

“पाठवतो? मी काय पार्सल आहे?” म्हातारा गरजला. “लेक स्वतः न्यायला येईल तर येईन. नाहीतर आहे तिथे बरा आहे.”

वहिनी गॅस बंद करून ओट्याशी उभी होती. म्हणाली, “मी जाते बसने.”

“बसने गेलीस तर तू त्यांना आणणार की ते तुला?” दादा म्हणाला. आणि मग हळूच, “आपण नुसती ती विजेवरची गाडी बघून येऊ या का? नुसती बघून.”

नुसतं बघण्याइतकं महाग या जगात काही नाही.

दादाचा एक सिद्धांत होता. तक्रारी असतात त्या स्वस्त वस्तूंच्या. एका ठरावीक किमतीच्या वर गेलं की वस्तूही वेगळी आणि फोनच्या पलीकडची माणसंही वेगळी. शोरूममध्ये कॉफी मिळाली तीही कानवाल्या कपात, बशीसकट, तेव्हा सिद्धांत पक्का झाला. टाय लावलेला विक्रेता “सर, ही गाडी नाही, हा अनुभव आहे” असं काहीतरी सांगत होता. वहिनीचं लक्ष नव्हतं. तिने आत बसून सीटचा वास घेतला, समोरच्या काचेपाशी नाक नेलं, वाकून खालचा वास घेतला. मग वर बघून म्हणाली, “अहो, कसलाच वास नाही हो.” डोळे भरले होते तिचे. दादाने तिथल्या तिथे प्रॉव्हिडंट फंड मोडायचा ठरवला. विक्रेत्याला वाटलं, आपल्या भाषणाचा परिणाम.

गाडी आणायला दादा एकटाच गेला, वहिनीला चकित करायचं म्हणून. तिथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, आणि दादा आवाज न करता घरी आला. या गाडीला दाराच्या मुठी बाहेर दिसत नाहीत. कुणी जवळ आलं की शेकहँडला हात पुढे करावा तशा त्या आपोआप बाहेर येतात. दादा आला, त्याच्या बाजूची मूठ बाहेर आली. पेपरवाला मागून गेला, मागची आली. शेजारचं मांजर बोनेटखाली शिरलं, तर त्याच्यासाठी दोन्ही मागच्या आल्या. वहिनी तिच्या दारापाशी गेली, तर काही नाही. गुळगुळीत पत्रा.

“तू जरा हळू ये,” दादा म्हणाला.

वहिनी हळू आली.

“आता जरा जोरात.”

ती जोरात आली.

“किल्ली हातात धर आणि समोरून ये.”

“आता नाचत येऊ का?”

दादा आत बसून ते दार आतून ढकलायला लागला. आतूनही उघडेना. चकित मात्र वहिनी झाली, त्यात शंका नाही.

दादाने ग्राहक सेवेला फोन लावला. आधी बासरी वाजली. मग ध्वनिमुद्रित बाई बोलली. मग खरी मुलगी आली. दादाने दाराचं सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला,

“सर? तुम्ही मिक्सरवाले सर का?”

दादाच्या हाताखाली शिकून गेलेली पोरगी! पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या म्हणून रडली होती, तेव्हा दादाने स्वतःचा चहा तिला दिला होता.

“अगं तू! इथे कधी?”

“वर्ष झालं, सर. तुमच्यामुळेच लागले. मुलाखतीत तुमचंच सगळं म्हणून दाखवलं.”

दादाने फोनवर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाला, “आपलीच पोरगी आहे. काम झालं समज.”

“किती दिवस झाले घेऊन, सर?”

“आजच.”

“मग अजून बसायचीय, सर.”

दादाला वाटलं, गंमत करतेय. “अगं, मला सांगतेस?”

“सर, ओळखीच्या माणसाला वेगळं उत्तर द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. नाहीतर उद्या सगळेच ओळख काढतात.”

(शिकवलं होतं खरं.)

“पण दार उघडत नाही, पोरी!”

दादाचा आवाज चढला तसा तिचा खाली आला. हेही त्यानेच शिकवलं होतं. “बाकीची तीन उघडतात ना, सर?”

“तीन उघडतात.”

“म्हणजे बहुतेक दारं उघडतात. छान. आणखी काही मदत करू का?”

“नाही. धन्यवाद,” दादा म्हणाला.

हे दोन शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निसटले. त्या धंद्यात या दोन शब्दांनंतर काही उरत नाही. फोन ठेवतोय तोच मोबाइलवर निरोप आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.

“काय म्हणाली?” वहिनीने विचारलं.

“काय सुरेख बोलते आता!” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या मेकॅनिकने दाराला हातही लावला नाही. लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, “दार उघडंच आहे.”

“बंद आहे हो. हे बघा.”

“तुम्हाला बंद दिसतंय, साहेब. गाडीच्या मते उघडं आहे.”

“मग गाडीला सांगा ना.”

“पार्ट बदलावा लागेल. वरून यायचाय.”

“वरून म्हणजे कुठून?”

मेकॅनिकने बोटाने छताकडे दाखवलं.

पार्टची वाट बघण्यात दिवस जायला लागले. कंडक्टरबाबांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा गरजत नव्हता. “रोज सकाळी बॅग दारात ठेवतो,” ते म्हणाले. “संध्याकाळी आत घेतो. शेजारीपाजारी विचारतात, बाबा, येताय का जाताय? काय सांगू?”

दादा गडबडला. आणि गडबडला की त्याच्या तोंडून ऑफिस बोलतं. “बाबा, आपली विनंती आमच्याकडे नोंदवली गेली आहे.”

“जावईबापू,” म्हातारा म्हणाला, “मी मिक्सर नाही.”

वहिनीने दादाच्या हातातून फोन काढून घेतला. “बाबा, रविवारी येते. दार उघडो नाहीतर न उघडो.”

मागची दारं उघडत होती, पण मागे बसलं की तिला वासाशिवायही लागते, म्हणून रविवारी ती ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरली. स्टिअरिंगच्या चाकाखालून एक पाय, चाकावरून दुसरा. गुडघ्याखाली हॉर्न दाबला गेला आणि तो ती पलीकडच्या सीटवर पडेपर्यंत वाजत राहिला. ज्या गाडीचं सगळं कौतुक ती आवाज करत नाही याचं होतं, ती बघायला सगळी गल्ली खिडकीत आली.

पण रस्ता लागला आणि वहिनी बदलली. पिशवी मांडीवर तशीच घडी घातलेली राहिली. हा रस्ता तिने कधी पाहिलाच नव्हता, पिशवीचा तळच पाहिला होता. “अहो, इथे तळं आहे!” ती म्हणाली. “केव्हापासून आहे?” दादा म्हणाला, पहिल्यापासून असावं. ती हसली. आमच्या घरात वहिनीला इतकं मोकळं हसताना कुणी ऐकलेलं नाही. दादानेही त्या दिवसानंतर ऐकलेलं नाही.

कंडक्टरबाबा फाटकाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, बगलेत काठी, पायाशी बॅग. लेक चाकाखालून बाहेर आली तेव्हा त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग गाडीकडे वळले.

“दार कुठाय हिचं?”

दादाने सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मागे बसायला गेले, तर खाली बॅटरी असल्यामुळे तळ उंच, आणि गुडघा वाकत नाही. पाय निम्मा बाहेर राहायला लागला. मग ड्रायव्हरच्या बाजूने प्रयत्न झाला. वहिनीने मागून धरलं, दादाने पलीकडच्या सीटवरून ओढलं, आणि बाबा चाक आणि सीट यांच्या मध्ये अडकले. पुढे नाही, मागे नाही. शेजारचा एक जण मदतीला आला आणि सवयीने म्हणाला, “बाबा, जरा पुढे सरका!” त्यावर कुणी हसलं नाही.

बाहेर काढलं तेव्हा म्हाताऱ्याचा शर्ट बगलेत फाटला होता. ते पायरीवर बसले, दम खाल्ला.

“माझ्या बसला दोनच दारं होती,” म्हणाले. “दोन्ही उघडायची.”

“बाबा, दुसरी गाडी करतो. भाड्याची. तुम्ही तिच्यात, ही माझ्याबरोबर मागोमाग,” दादा म्हणाला.

“नको. लेक न्यायला आली, आता मी भाड्याच्या गाडीत कशाला?” बाबा आता चिडलेही नव्हते. “नसेल यायचं नशिबात. दार झालं की बघू.” आणि त्यांनी बॅग उचलली. स्वतःच. दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही.

तेव्हा दादाच्या लक्षात आलं. म्हाताऱ्याला घर सोडायची भीती वाटत होती. त्याला न येण्यासाठी एक कारण हवं होतं, आणि आपण इतका पैसा घालून ते कारण थेट त्याच्या फाटकापर्यंत चालवत आणलं.

परतीच्या वाटेवर तळं आलं. वहिनीने बघितलं नाही.

घरी येऊन दिवा लावतात तोच फोन वाजला. तीच मुलगी. “सर, आमच्या सेवेबद्दल एक ते दहामध्ये किती गुण द्याल?”

वहिनी समोर उभी होती. “द्या आता,” ती म्हणाली. “सांगा तिला आज काय झालं ते. एकदा तरी कुणावर ओरडा.”

दादाने छाती भरून श्वास घेतला. ओरडायचं सगळं ओठांशी आलं होतं. पण फोनमध्ये त्या मुलीच्या मागे आणखी पंधरा-वीस जणींचे आवाज येत होते, सगळ्या हळू बोलणाऱ्या. आणि मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, “सर, नऊच्या खाली गेलं की या महिन्याचा पगार कापतात.”

दादाने डोळे मिटले. “दहा,” म्हणाला.

वहिनी वळली. आत गेली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “सकाळी मला स्टँडवर सोडा. मी बाबांकडे राहायला जातेय. बसने.”

“अगं, तुला बस लागते!”

“लागू दे. तिचं दार तरी उघडतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तिला स्टँडवर सोडलं. ती चाकाखालून उतरेपर्यंत तो रस्त्यात दार धरून उभा होता आणि मागचे रिक्षावाले त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होते. बस आली. वहिनी चढली, खिडकीशी बसली, लिंबू नाकाशी धरलं. इंजिन चालू झालं, धूर आला, आणि तिचा चेहरा जागच्या जागी पांढरा पडला. दादा खिडकीखाली गेला.

“पार्ट आला की मी लगेच येतो दोघांना न्यायला,” तो म्हणाला. “पण तू परत कधी येशील?”

वहिनीने लिंबू जरा बाजूला केलं. आवाज अजिबात चढवला नाही.

“आपल्याला कळवण्यात येईल,” ती म्हणाली.

बस गेली. दादा तिथेच उभा राहिला. या उत्तराचा अर्थ काय असतो, हे त्या सगळ्या स्टँडवर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.