डून लेरीच्या धक्क्यावरचे पाणकावळे

तात्या पाणकावळ्यांना शिव्या द्यायचे. रोज, नेमाने, मालवणीत. आयर्लंडातल्या डून लेरीच्या धक्क्यावर पोचले की मास्क हनुवटीवर ओढून सुरू, "मेल्यांनू, हंय पण इल्यात? सगळो बांगडो तुमच्याच घशात!" खडकावर पंख वाळत घालून बसलेले ते लांब मानेचे आयरिश पक्षी ढिम्म हलत नसत.

तात्या म्हणजे आमच्या शेजारच्या डॉक्टर समीरचे वडील. २०२०च्या सुरुवातीला नातवाच्या बारशाला आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. त्यांच्या बायको, म्हणजे काकी, आल्याच नव्हत्या. त्यांची गाय व्यायची होती. मुलगा दिवसरात्र हॉस्पिटलात, सून पक्की शाकाहारी. समोर अख्खा समुद्र आणि ताटात ब्रोकोली! माणूस कडू होणार नाही तर काय? कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी "ऑल ग्रँड?", म्हणजे सगळं ठीक ना, असं विचारलं, तर म्हणाले, "कसला ग्रँड! हाडां गोठली."

शिव्या मुळात काकींच्या. खाडीतल्या माशांवर पहिला हक्क आपला, असं मानून त्या परसातून पाणकावळ्यांशी भांडायच्या. तात्या व्हिडिओ कॉल लावून फोन खडकाकडे धरत आणि काकी मालवणातून इथल्या पाखरांना झाडत. ऑफिसच्या मीटिंगा बुडवून मी हे ऐकायला जायचो. मीटिंगांपेक्षा त्यात अर्थ जास्त होता. शेवटी काकी विचारायच्या, "कधी येतल्यात?"

"पुढच्या आठवड्यात येतंय गो."

तिकीट निघायचं, विमान रद्द व्हायचं. असं वर्ष गेलं. २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत काकी गेल्या. विमानं तेव्हाही धड नव्हतीच.

दहाव्याला तिकडे पुतण्या खाडीकाठी पिंड ठेवून फोन धरून उभा होता. इकडे तात्याही पाण्याकाठीच उभे राहणार म्हणून हटून बसले. समीर ड्यूटीवर, म्हणून सोबत मी. खडकावरचे पाणकावळे खुशाल मासे गिळत होते. तात्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

फोनमध्ये तिकडचा कावळा फांदीवर बसलेला दिसत होता, पण पिंडाला शिवेना. "काकी, गाय आमी सांभाळतलंव!" कोणीतरी ओरडलं. कावळा ढिम्म. पुतण्या म्हणाला, "तात्यानू, तुमी बोला."

तात्यांनी फोन तोंडाजवळ नेला. "गो, पुढच्या आठवड्यात येतंय."

कावळ्याने मान फिरवली. काकींनी हे वर्षभर ऐकलं होतं.

तात्यांनी फोन आणखी जवळ घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "माका येवक जमाचा नाय गो. वाट बघू नको."

कावळा खाली उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

तिकडे सगळे हात जोडून मोकळे झाले. बरं झालं, सुटली, म्हणाले. मला मात्र त्या कावळ्याचा संताप आला. आणखी थोडे दिवस म्हाताऱ्याला खोटं बोलू दिलं असतं, तर त्याचं काय बिघडणार होतं?