पूर्वेकडचा सूर्यास्त

"तो ढग तुमच्याकडे पगारावर आहे का हो?" मॅडमनी फोनवर विचारलं, तेव्हा फोटोग्राफरच्या तोंडात टूथब्रश होता. त्यामुळे त्याला नुसतं "अं?" एवढंच म्हणता आलं.

मॅडम घरं विकून देणारी एजन्सी चालवायच्या आणि त्या घरांचे फोटो हा काढायचा. घरं दिसायला छान असायची, पण आकाश नेमकं त्याच दिवशी पांढरंफटक. मग तो कॉम्प्युटरवर ते आकाश पुसून टाकायचा आणि सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेलं निळं आकाश तिथे बसवायचा. त्यात बदकासारखा एक गुबगुबीत ढग होता. दोन महिन्यांत ते बदक अकरा घरांवर जाऊन बसलं होतं.

"काल एका गिऱ्हाइकाने अकराही फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले मला. म्हणे, घर कुठलंही चालेल, पण बिनबदकाचं दाखवा! यापुढे आकाश तुमचं स्वतःचं हवं. नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

फोटोग्राफरने घाईघाईने चूळ भरली, कॅमेरा उचलला आणि गच्ची गाठली.

तिथे गेल्यावर त्याला कळलं, की आकाश वाटतं तितकं मोकळं नसतं. डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे तारांचं जंजाळ आणि मधोमध शेजारच्या काकूंच्या चादरी. उभं राहून जमेना म्हणून तो बसला, बसून जमेना म्हणून सरळ उताणा झाला. तेवढ्यात काकू बादली घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई! चक्कर आली का हो?"

"नाही काकू. आकाश काढतोय."

"कुठून काढताय?"

"इथूनच. वरचं."

काकूंनी बादली तिथेच ठेवली आणि खाली जाऊन त्याच्या बायकोला गाठलं. "घाबरू नकोस, शुद्धीवर आहेत. पण बोलतायत काहीतरीच."

बायको ग्रंथालयात कामाला होती. नोंद केल्याशिवाय तिच्या हातून पुस्तक काय, भाजीची पिशवीसुद्धा पुढे सरकत नसे. तिने वर येऊन सगळा प्रकार ऐकून घेतला आणि ती म्हणाली, "काढ हवी तितकी आकाशं. पण प्रत्येकाला तारीख, वेळ आणि दिशा लिहून ठेव."

"आकाशाला कसली आलीय दिशा? ते सगळीकडेच असतं."

"बरं," बायको म्हणाली. तिच्या "बरं"चा अर्थ बरा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो भलताच जोशात होता.

पहिल्या दिवसाची मेहनत वाया गेली. डोक्यावरचं आकाश घरामागे लावलं, की घर विहिरीत पडल्यासारखं दिसायचं. मग तो गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जाऊ लागला. तिथे जमिनीला टेकलेलं आकाश सकाळ-संध्याकाळ टिपायचं, जास्त उजेडाने ढग पांढरेफटक होऊ नयेत म्हणून फोटो जरा अंधाराच घ्यायचा, असं त्याचं तंत्र बसत गेलं. पंधरा दिवसांत दीडशे आकाशं जमली. त्यांची वर्गवारी त्याने आपल्या मनाने केली: 'प्रसन्न', 'गंभीर', 'रविवारची दुपार' आणि 'पाहुणे गेल्यानंतरचं'.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट दिला. ढगाळ दुपारी काढलेला बाल्कनीचा फोटो अगदीच मरगळलेला दिसत होता. त्याने 'पाहुणे गेल्यानंतरचं' उघडलं आणि त्यातलं सर्वांत देखणं आकाश निवडलं. नारिंगी-जांभळ्या ढगांत सूर्य निम्मा बुडालेला. बाल्कनीच्या कठड्यावरही त्याने हलका सोनेरी रंग चढवला, म्हणजे जोड दिसणार नाही.

"वा!" मॅडमचा फोन आला. "एक निवृत्त मुख्याध्यापक फोटोवर फिदा झालेत. आज संध्याकाळी बायकोला घेऊन घर बघायला येतायत. तुम्हीही या, कौतुक ऐकायला."

तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. रिकाम्या घरात चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्यातली एक उचलून थेट बाल्कनीत नेली आणि ते हाताची घडी घालून बसले. त्यांच्या पत्नी हॉलमध्येच टेकल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. समोरचं आकाश करडं होत चाललं. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं, मग समोर पाहिलं, मग खिशातून चष्मा काढून पुन्हा समोर पाहिलं.

"सूर्य कुठाय?" त्यांनी विचारलं.

फोटोग्राफर शर्टाची बाही नीट करू लागला.

"मी सदतीस वर्षं भूगोल शिकवलाय. ही पूर्व आहे!"

मॅडमची नजर फोटोग्राफरला भाजून काढत होती. "सर, तो... नमुन्यादाखल सूर्य होता," तो म्हणाला.

"नमुन्यादाखल सूर्य?"

"चूक माझी आहे, सर. दुसऱ्या ठिकाणचं आकाश मी इथे लावलं आणि दिशा बघितलीच नाही. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं."

"मग या घराचा खरा सूर्य मावळतो तरी कुठे?" असं गरजून मुख्याध्यापक तपासणीला निघाले. हॉल झाला, बेडरूम झाली, बाथरूमचं दार आपटलं. मग एकदम शांतता पसरली.

तिघंही दबक्या पावलांनी मागोमाग गेली. मुख्याध्यापक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. छोट्याशा खिडकीतून लालबुंद उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि पलीकडच्या छपरांमागे सूर्य सावकाश उतरत होता.

त्यांच्या पत्नीने ते दृश्य निरखून पाहिलं आणि मॅडमना हाताला धरून बाजूला घेतलं. "घर पक्कं करा."

"पण काकू, बाल्कनी..."

"बाल्कनीचं राहू द्या हो. चाळीस वर्षांत हा माणूस आज पहिल्यांदा आपण होऊन स्वयंपाकघरात उभा राहिलाय." त्या फोटोग्राफरकडे वळल्या. "सूर्यास्त रोज असतो ना?"

"रोज," तो चाचरत म्हणाला. "ढग नसले तर."

"आणि खिडकी नेमकी सिंकच्या वर आहे."

एवढ्यात आतून मुख्याध्यापकांची हाक आली, "अगं, ये लवकर! अजून पंधरा मिनिटं तरी चालेल हा!"

"पंधरा मिनिटांत होतात भांडी," त्या हळूच म्हणाल्या आणि पदर सावरत सूर्यास्त बघायला गेल्या.