माइक बंद करून ओरडणारे खैरनार

खैरनार मीटिंगमध्ये ओरडतात ते माइक बंद करून. दुसऱ्या गावांतल्या लोकांना फक्त त्यांचं लालबुंद तोंड दिसतं. मी शेजारच्याच खोलीत बसतो, म्हणून आवाज माझ्या वाट्याला. मला या माणसाचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही लांब-लांब बसलेल्या माणसांना एकत्र काम करता यावं म्हणून सॉफ्टवेअर बनवतो. एकाच पानावर चौघांनी लिहायचं, लिहिता लिहिता बोलायचं. त्याची सगळी आखणी खैरनारांची. म्हणजे माणसं जोडायचं काम अशा माणसाकडे, ज्याच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायलाही कोणी तयार नसतं. "आवाज येतोय का?" असं कोणी विचारलं, की "येतोय, म्हणून तर डोकं उठलंय." दोघांनी एकाच ओळीत लिहिलं आणि एकाचं पुसलं गेलं, तर ज्याचं राहिलं त्यालाच झापायचं, हा त्यांचा न्याय.

गेल्या महिन्यात साहेबांनी नवी टूम काढली. बोलणारा दोन सेकंद थांबला, की त्याचा माइक आपोआप बंद आणि पाळी पुढच्याची. वेळ वाचतो म्हणे. आम्हाला पटलं. खैरनार मात्र "तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" म्हणाले आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. शेवटी साहेब म्हणाले, चाचणी घेऊ, मग कायमचं ठरवू.

चाचणीला खैरनारांनी देवळ्याहून थोरल्या भावाला जोडून घेतलं. त्यांना भाऊ आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले दादा उशीला टेकून बसले होते. "आबा," त्यांनी खैरनारांना हाक मारली आणि पुढचा शब्द जुळवू लागले. यंत्राने त्यांचा माइक बंद करून पाळी साहेबांना दिली. पडद्यावर दादांचे ओठ हलतच होते.

मग खैरनार सुटले, आणि तेही माइक चालू ठेवून. साहेबांसकट सगळ्यांची बिनपाण्याने हजामत केली. खरं सांगतो, मलाही त्या यंत्राचा इतका संताप आला होता, की त्यांच्या जोडीने ओरडावंसं वाटलं. साहेबांनी मुकाट्याने ती सोय काढून टाकली.

दादा पुन्हा बोलू लागले. "ओरडू..." बराच वेळ गेला. "नको रे... लोकांवर."

खैरनारांनी मान खाली घातली. "नाय ओरडत, दादा."

दादांना अजून काहीतरी सांगायचं होतं. आम्ही सगळे, साहेबसुद्धा, त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो.